भीती गेली, आता चंबळ कोण राखणार?

महाराष्ट्रातून सहलीला आलेल्या बसचा ग्वाल्हेरमधला दिवस कसा जातो, हे आम्हा शहरातल्या लष्कर भागात राहणाऱ्यांना पाठ झालं आहे. सकाळी किल्ला. मानमंदिर, सास-बहूची देवळं, तेली का मंदिर. मग जयविलास राजवाड्यातली झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी. फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीपुढे माथा टेकवायचा, महाराज बाड्याच्या बाजारात थोडी खरेदी करायची, गजकाचे, म्हणजे तीळ-गुळाच्या मिठाईचे, डबे घ्यायचे आणि दिवस मावळायच्या आत झाशी-ओरछ्याची वाट धरायची. या यादीतल्या कुठल्याही ठिकाणाबद्दल माझी तक्रार नाही. उलट किल्ल्यावरच्या चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात आजच्यासारखंच गोल शून्य कोरलेलं आहे, आणि बहुतेक बसगाड्या त्याच्या अंगावरून जातात पण थांबत नाहीत, याचं मला वाईट वाटतं. माझी तक्रार आहे ती किल्ल्याची वेस ओलांडली की ग्वाल्हेर संपलं, या समजुतीबद्दल.

शहरापासून उत्तरेला तासाभराच्या वाटेवर पडावली, बटेश्वर आणि मितावली आहेत. तिथून पुढे मुरैना, सिहोनिया आणि चंबळ नदी. पश्चिमेला श्योपूर जिल्हा आणि कुनोचं जंगल, दक्षिणेला शिवपुरी, सुरवाया, नरवर. मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबाची चार-पाच दिवसांची सुट्टी सहज सार्थकी लागेल एवढं या टापूत आहे. काही जण जातातही. पण सकाळी शहरातून निघतात, दुपारी फोटो काढतात आणि रात्री शहरातल्या हॉटेलात परततात. खोलीचं भाडं शहराला, गाडीचं भाडं शहराला, तिकीट सरकारला. गावाच्या वाट्याला फार तर चहाच्या टपरीवरचे काही रुपये येतात. सरकार पर्यटकांची डोकी मोजतं आणि आकडा वाढला की समाधान मानतं. माझं म्हणणं असं, की चंबळच्या खोऱ्यात मोजायला हव्यात त्या गावात काढलेल्या रात्री. हे मी गावांच्या कळवळ्यापोटीच म्हणतो असं कुणी समजू नये. इथली देवळं आणि इथली नदी यापुढे टिकायची असेल, तर दुसरा राखणदार मला दिसत नाही.

आजवर हा मुलूख राखला तो भीतीनं. बीहडात, म्हणजे नदीकाठच्या मातीच्या घळींत, शिरायला माणूस घाबरायचा. डाकूंच्या टोळ्यांमुळे ना कारखाना आला, ना बंगले उठले, ना नदीकाठी फारशी वर्दळ झाली. त्या काळात इथल्या माणसांनी जे सोसलं ते भयंकर होतं, आणि त्याचे गोडवे गाणाऱ्यांशी माझा उभा दावा आहे. १९७२ साली जौऱ्याच्या गांधी आश्रमाच्या परिसरात जयप्रकाश नारायण यांच्या उपस्थितीत शेकडो बागींनी, म्हणजे इथल्या डाकूंनी, शस्त्रं खाली ठेवली, तो या भागाच्या इतिहासातला सर्वांत चांगल्या दिवसांपैकी एक. उरलेल्या टोळ्या पुढच्या तीसेक वर्षांत मोडल्या. पण भीती गेली तेव्हा तिची जागा कोण घेणार, याचा विचार कुणी केला नाही. ती जागा दगडाच्या आणि वाळूच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी घेतली.

बटेश्वरला हे डोळ्यांनी दिसतं. गुर्जर-प्रतिहारांच्या काळातली, साधारण आठव्या ते दहाव्या शतकातली सुमारे दोनशे लहानमोठी दगडी देवळं इथे एका उतारावर दाटीनं उभी होती. ती कोसळून त्यांचा नुसता खच पडला होता. २००५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे के. के. मुहम्मद यांनी तो खच उलगडायला घेतला. कुठला दगड कुठल्या शिखराचा, कुठली चौकट कुठल्या गाभाऱ्याची, हे जुळवत जुळवत त्यांनी आणि इथल्याच मजुरांनी साठाहून अधिक देवळं पुन्हा उभी केली. आज त्या देवळांच्या रांगांमधून चालताना कुंडातलं पाणी, विष्णूचं देऊळ, शिखरांवरच्या छोट्या छोट्या आमलकांच्या, म्हणजे कंगोरेदार दगडी चकत्यांच्या, ओळी असं सगळं एका नजरेत भरतं. हे काम सुरू करताना निर्भय गुज्जरच्या टोळीशी बोलणी करावी लागली होती, हे मुहम्मद यांनी स्वतः अनेकदा सांगितलं आहे. आणि त्यांनीच पुढे अशीही तक्रार केली, की टोळी संपल्यावर आसपासच्या दगडखाणी पुन्हा जोरात सुरू झाल्या आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी नुकती जोडलेली देवळं धोक्यात आली. बंदुकीच्या धाकानं जे थांबलं होतं, ते कायद्याच्या राज्यात सुरू झालं. यापेक्षा लाजिरवाणी गोष्ट काय असेल!

खाणीवर काम करणारे लोक कुठले? त्याच गावांतले. दगड फोडला तर त्या दिवशीची मजुरी त्या दिवशी हातात पडते. देऊळ उभं राहिलं म्हणून मात्र घरात काहीच येत नाही. शिल्पकलेबद्दल भाषणं देऊन हा हिशोब बदलणार नाही. पडावलीच्या गढीत ज्या मंडपाच्या छतावर रामायणापासून स्मशानापर्यंतची दृश्यं कोरली आहेत, तो मंडप दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी पाहायला हवा. मितावलीच्या टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं गोल मंदिर पहाटेच्या उजेडात वेगळं दिसतं, दुपारी वेगळं. सिहोनियाचं ककनमठ तर अकराव्या शतकातलं, कच्छपघात राजांच्या वेळचं. चुन्याशिवाय एकावर एक रचलेल्या दगडांचं ते उंच शिखर आता अर्धं उघडं पडलं आहे, आणि तरी उभं आहे. ही ठिकाणं घाईनं पाहून भागत नाही. ज्याला नीट पाहायची आहेत त्याला जवळ राहावं लागेल, आणि जवळ राहायचं तर गावात खोली हवी, चूल हवी, वाट दाखवणारा मुलगा हवा. बघणाऱ्याची गरज आणि गावाची गरज इथे आपोआप जुळते. फक्त ती जुळवून देणारी व्यवस्था नाही.

नदीवर हाच प्रश्न आणखी टोकदार होतो. १९७०च्या दशकात देशभरात घडियालांची, म्हणजे लांब, निमुळत्या तोंडाच्या सुसरींची, संख्या दोनशेच्या खाली गेली होती. १९७९ साली मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश या तीन राज्यांत पसरलेलं राष्ट्रीय चंबळ अभयारण्य त्यांच्यासाठी आकाराला आलं. मुरैनाच्या पुढे धौलपूरच्या रस्त्यावर देवरीचं केंद्र आहे. नदीकाठची काही अंडी तिथे आणून उबवतात, पिल्लांना दोन-तीन वर्षं वाढवतात आणि ती पुरेशी लांब झाली की नदीत सोडतात. आज चंबळच्या गणनेत दोन हजारांहून जास्त घडियाल मोजले जातात, म्हणजे जगातले बहुतेक घडियाल इथेच आहेत. मध्ये २००७-०८च्या हिवाळ्यात शंभराहून जास्त घडियाल मरून पडले होते, त्यानंतरचं हे यश आहे. त्यांच्याच सोबतीनं गंगेतला डॉल्फिन आहे, पाणचिरा पक्ष्यांचे थवे आहेत, इतर बहुतेक नद्यांतून नाहीसं झालेलं लाल डोक्याचं मोठं कासव आहे.

आता घडियालाची मादी अंडी कुठे घालते ते पाहा. मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, पाण्याच्या कडेला उंच, मोकळ्या वाळूच्या दांड्यावर ती खड्डा खणते. एका खड्ड्यात तीस-चाळीस अंडी. जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात आणि मोठा नर, नाकाच्या टोकावर फुगवटा असलेला, शेकडो पिल्लांना आपल्या भोवती घेऊन पाण्यात पहारा देतो. पाणचिऱ्याचं घरटंही उन्हाळ्यात याच वाळूवर असतं. आणि बांधकामाचे ठेकेदार मागतात ती वाळूही हीच. अभयारण्यात वाळूउपसा बेकायदा आहे, तरी ट्रॉल्या चालतात हे मुरैनात लहान मुलालाही ठाऊक आहे. मार्च २०१२ मध्ये मुरैना जिल्ह्यात बेकायदा दगडाचा ट्रॅक्टर अडवायला गेलेल्या एका तरुण पोलीस अधिकाऱ्याला त्याच ट्रॅक्टरखाली जीव गमवावा लागला. त्यावरून या धंद्याची ताकद कळावी. अशा ठिकाणी एकट्यादुकट्या वनरक्षकाच्या हाती काठी देऊन आपण नदी राखायची अपेक्षा करतो.

नदीवर नाव चालते, नाही असं नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या दिवसांत घडियाल उन्हाला काठावर येऊन पडतात, तेव्हा राजघाटाकडून नावेनं फिरता येतं. पण सगळ्या काठाच्या मानानं या नावा अगदी थोड्या. वाळूचा धंदा जिथे जिथे चालतो त्या प्रत्येक घाटावर नावाडी, स्वयंपाक करणाऱ्या बाया, पक्षी ओळखणारी पोरं अशा आठ-दहा घरांचं पोट जिवंत वाळूवर अवलंबून असलं, तर रात्री येणाऱ्या ट्रॉलीकडे ते गाव निराळ्या नजरेनं पाहील. ट्रॉलीवाल्याशी भांडण गावानं घ्यावं असं मी म्हणत नाही. ते पोलिसांचंच काम आहे. पण तक्रार करणारं कुणीतरी गावातच असणं, आणि वाळूच्या बाजूनं सगळं गाव एक नसणं, एवढ्यानंही पोलिसांचं काम शक्य होतं.

कुणी म्हणेल, अभयारण्याचे नियम आणखी कडक करा, कुंपण घाला, माणसं दूर ठेवा. हा प्रयोग आमच्या शेजारीच होऊन गेला आहे. शिवपुरी जिल्ह्यात करेरा इथे १९८१ साली माळढोकासाठी दोनशेहून अधिक चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं. सोलापूरजवळच्या नान्नजमुळे मराठी वाचकाला माळढोकाची ओळख आहे. करेऱ्यात तो शेतांच्या मधल्या पडीक जमिनीवर राहायचा, शेतकऱ्यांच्या सोबतीनंच. सुरुवातीला गावं पक्ष्याच्या बाजूनं होती. मग जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आली, कामं अडली. संरक्षणामुळे काळविटांचे कळप वाढले आणि उभ्या पिकात शिरू लागले. पक्ष्यामुळे गावाला मिळालं काय, तर मनाई आणि नुकसान. गावाचं मन फिरलं. १९९०च्या दशकात माळढोक तिथून नाहीसा झाला. पक्षी नसलेलं अभयारण्य पुढे पाव शतक कागदावर राहिलं, लोक आपलीच जमीन विकता येत नाही म्हणून खेटे घालत राहिले, आणि अखेर २०२२ साली ते रद्द करण्यात आलं. माळढोक देशभरच घटला, त्याची कारणं अनेक आहेत. पण ज्या माणसांच्या शेतात त्याची अंडी होती त्यांनाच आपण विरोधात ढकललं, ही करेऱ्याची शिकवण मला विसरता येत नाही. त्या काळात करेऱ्याच्या एखाद्या घरात माळढोक पाहायला आलेली माणसं महिनाभर राहिली असती तर काय झालं असतं, हा प्रश्न मनात येतो. उत्तर देता येणार नाही. पण तो प्रयत्नसुद्धा झाला नाही.

कुनोबद्दल न बोलता या भागातल्या वन्यजीव-पर्यटनाची चर्चा पुरी होत नाही. १७ सप्टेंबर २०२२ला नामिबियातून आठ चित्ते आले, फेब्रुवारी २०२३मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बारा. त्याआधी हे जंगल गीरच्या सिंहांसाठी तयार केलं जात होतं. त्यासाठी २४ गावं उठवली गेली, त्यांत बहुसंख्य सहरिया आदिवासी. सिंह आलेच नाहीत, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली आदेश देऊनही नाही. ज्यांनी घरं सोडली त्यांच्या त्यागावर आज चित्त्याचं पर्यटन उभं आहे. त्यामुळे त्यांचा हक्क सगळ्यांत आधीचा. वनखात्यानं आसपासच्या गावांतून ‘चीता मित्र’ नेमले, हे चांगलंच केलं. पण जाहिराती पाहा, तंबूंचे आराखडे पाहा. सगळा भर एका प्राण्यावर आणि महागड्या मुक्कामावर. साडेसातशे चौरस किलोमीटरच्या जंगलात चित्ता दिसेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही, आणि न दिसल्यावर आलेला पाहुणा नाराज होऊन जातो. त्या पाहुण्याला श्योपूरच्या किल्ल्यातलं सहरिया संग्रहालय कुणी दाखवत नाही. जंगलातला डिंक, मध, औषधी मुळ्या गोळा करणारी, मातीच्या भिंतींवर नक्षी काढणारी माणसं कोण, हे तिथे समजतं. ते पाहून मग सहरिया वाटाड्याबरोबर कुनो नदीच्या काठानं चालणं, ही सहल चित्ता न दिसताही भरल्या मनानं संपेल.

संग्रहालयाचा विषय निघालाच आहे तर गूजरी महालाबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मते या सगळ्या भटकंतीची सुरुवात तिथून व्हावी. किल्ल्याच्या पायथ्याशी मानसिंह तोमरानं आपल्या गूजर राणीसाठी बांधलेल्या या महालात आज संग्रहालय आहे, आणि त्यात ग्यारसपूरची शालभंजिका ही दगडी स्त्रीमूर्ती आहे. तिला पाहायला जाणकार लांबून येतात. पण त्याच दालनांत पवाया गावात सापडलेली मणिभद्र यक्षाची मूर्ती आहे, मुरैना-शिवपुरीच्या खेड्यांतून आणलेल्या कितीतरी मूर्ती आहेत. हे संग्रहालय उभं राहण्यात आणि ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याला आकार देण्यात एका मराठी माणसाचा मोठा वाटा होता, मो. ब. गर्दे यांचा. पवायाचं उत्खनन त्यांचं. सुरवायाच्या शैव मठापासून गावोगावच्या शिलालेखांपर्यंत त्यांनी या मुलखाची पायपीट केली, नोंदी केल्या, पडझड रोखली. ग्वाल्हेरला येणारा मराठी पर्यटक शिंद्यांच्या खुणा शोधतो, ते स्वाभाविक आहे. शिवपुरीच्या छत्र्या त्यानं जरूर पाहाव्यात. माधवराव शिंदे आणि त्यांच्या आई सख्याराजे यांच्या त्या संगमरवरी स्मारकांत आजही मूर्तींची जिवंत माणसांसारखी सेवा होते. पण गर्द्यांची खूणही शोधावी. ती खेड्यांत आहे.

गूजरी महालातल्या प्रत्येक मूर्तीखाली तिच्या गावाचं नाव असतं. त्या नावापुढे त्या गावाचा नकाशा, वाट, तिथे राहायची सोय असणारी घरं, एवढं लावायला कितीसा खर्च येईल? आणि उलट त्या गावातल्या शाळेत किंवा पंचायतीच्या खोलीत त्या मूर्तीचं मोठं छायाचित्र आणि दोन परिच्छेदांची माहिती असावी. आपल्या पडीक टेकाडावरून निघालेला यक्ष ग्वाल्हेरच्या संग्रहालयात मानाच्या जागी उभा आहे हे पवायाच्या मुलांना ठाऊक असेल, तर उद्या नांगराला लागलेली मूर्ती ते दलालाला विकण्याआधी थांबतील. हे काम सरकारनं करेपर्यंत थांबायची गरज नाही. ग्वाल्हेरच्या मराठी मंडळांकडे गणेशोत्सवात व्याख्यानं ठरवायची, मंडप उभारायची, वर्गणी गोळा करायची यंत्रणा पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्यातला थोडा भाग इकडे वळवता येईल.

ग्वाल्हेर ते श्योपूर ही दोन फुटी रुळांची, जवळपास दोनशे किलोमीटरची छोटी गाडी २०२० साली थांबली आणि मोठ्या रुळांचं काम सुरू झालं. श्योपूरच्या माणसाला दवाखान्यापर्यंत वेगानं पोहोचायचं असतं, त्यामुळे मोठी गाडी यायलाच हवी होती. पण जौरा, कैलारस, सबलगड अशी खेड्यापाड्यांतून जाणारी संस्थानी काळाची ती रेल्वे म्हणजे या टापूच्या ग्रामीण पर्यटनाचा तयार कणा होता. निदान एखादा छोटा तुकडा जपून त्यावर थंडीच्या दिवसांत गाडी चालवावी, यासाठी अजूनही रेटा लावायला हवा.

आक्षेप मला माहीत आहेत. पुण्याचे नातेवाईक पहिला प्रश्न विचारतात तो सुरक्षेचा. पडद्यावर पाहिलेला चंबळ त्यांच्या डोक्यात पक्का बसला आहे. आज मुरैनात कुटुंबासह फिरायला घाबरण्याचं कारण नाही. अंधारात बीहडात एकट्यानं शिरू नये, एवढं भान कुठल्याही अनोळखी मुलखात ठेवावंच. दुसरा आक्षेप गंभीर आहे: पर्यटनानंच गावं आणि जंगलं बिघडतात. प्लॅस्टिकचा कचरा येतो, बाहेरचा पैसेवाला जमीन घेऊन रिसॉर्ट बांधतो, गावकरी तिथे वेटर होतो. हे होतं, अनेक डोंगरी गावांत झालं आहे. म्हणूनच मी रिसॉर्ट मागत नाही. घर गावकऱ्याचं, नाव नावाड्याची, नावांची संख्या वनखात्यानं ठरवलेली, आणि उन्हाळ्यात अंडी असलेल्या दांड्यांजवळ कुणीही जायचं नाही, अशा अटींवरचं पर्यटन मागतो. हे स्वप्नरंजन नाही. ओरछ्याजवळ लाडपुरा खास या गावात घरांनाच जोडून पाहुण्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या, चुलीवरचं जेवण पाहुण्यांना मिळू लागलं, आणि २०२१ साली जागतिक पर्यटन संघटनेच्या उत्तम पर्यटन ग्राम स्पर्धेसाठी भारतातून पाठवलेल्या तीन नावांत त्या गावाचं नाव होतं. बुंदेलखंडात जे जमलं, ते मुरैनाच्या पडावलीत न जमण्याचं कारण कोणतं?

यासाठी पहिली मागणी महाराष्ट्रातल्या सहल कंपन्यांकडे आहे. आग्रा आणि झाशीच्या मधल्या अर्ध्या दिवसाच्या जागी ग्वाल्हेरपाशी चार दिवस लिहा, आणि त्यांतल्या दोन रात्री शहराबाहेरच्या असू द्या. बाजरीची भाकरी, सरसोंची भाजी, गूळ आणि तूप हे जेवण महाराष्ट्रातल्या माणसाला परकं वाटणार नाही. दुसरी मागणी राज्याच्या पर्यटन खात्याकडे आहे. दरवर्षीच्या आकडेवारीत जिल्हावार पर्यटकसंख्येशेजारी एक नवा रकाना सुरू करा: ग्रामपंचायतीच्या हद्दीत, गावकऱ्याच्या मालकीच्या घरात, पाहुण्यांनी काढलेल्या रात्री. पडावली, सिहोनिया, राजघाटाच्या आसपासची गावं आणि कुनोच्या वेशीवरच्या सहरिया वस्त्या यांच्यापुढे त्या रकान्यात आज जवळपास काहीच लिहिता येणार नाही. तो रकाना भरत गेला की नाही, यावर त्या खात्याच्या अधिकाऱ्यांचं काम जोखलं जावं.